तपासणाऱ्याची सही

सोमवार, ६ जानेवारी

ही वही मी स्वखुशीने लिहीत नाही, हे आधीच लिहून ठेवते. ऑफिसात ज्यांना मुलं आहेत अशा आम्हा सात जणींना दर सोमवारी चार ते पाच एका बाईंसमोर बसवायचं वरून ठरलंय. बाईंचं नाव वैजयंती, समुपदेशक आहेत. बोलतात इतक्या हळू की धडधाकट माणसालाही आपण आजारी आहोत असं वाटावं. त्यांनी वह्या वाटल्या. आठ आठवडे लिहा, मनात येईल ते लिहा, कोणी वाचणार नाही. त्या तासाभरात माझे दोन पार्ट्यांचे कागद तपासून झाले असते. पण हातात घेतलेलं काम मी अर्धं सोडत नाही, म्हणून लिहिणार.

मी वाशीला एका क्लिअरिंग एजंटकडे आहे. माल बाहेरदेशी पाठवणाऱ्यांचे कागद आमच्याकडून बंदरात जातात. एक जण कागद तयार करतो, दुसरा तपासतो. दोन सह्या झाल्याशिवाय कागद दाराबाहेर पडत नाही. मी तपासणारी. अकरा वर्षांत माझी सही असलेला एकही कंटेनर अडकलेला नाही. चूक झाली तर व्हाइटनर लावायचा नाही. एक रेघ मारायची, खालचं चुकलेलं वाचता आलं पाहिजे, वर बरोबर लिहायचं, बाजूला सही. इतकं साधं आहे, तरी ऑफिसातल्या पोरांना जमत नाही.

वैजयंतीबाईंनी साठ प्रश्नांचा कागद भरून घेतला. ‘मी लवकर चिडते’, ‘माझ्या वस्तू जागच्या जागी असतात’ वगैरे. एक्केचाळिसावा प्रश्न: तुमचं मूल अडचणीत असलं तर सगळ्यात आधी कोणाकडे जातं? मी लिहिलं, माझ्याकडे. बाकीच्या प्रश्नांना मी थोडी तरी थांबले, इथे नाही. ईश्वरी अकरा वर्षांची आहे, सहावीत. उद्या कोणी माझी नोकरी काढून घेतली, घर काढून घेतलं, तरी हे एक उत्तर माझंच राहायला हवं.

शेजारच्या खुर्चीवर नमिता होती. तिला दोन मुलं, काम माझ्याइतकंच. तिने लिहिलं, ‘जो जवळ असेल त्याच्याकडे’, आणि वर हसली. अशा बायकांना झोप छान लागते.

बुधवार, ८ जानेवारी

अकरा दहाला शाळेच्या ऑफिसातून ईश्वरीचा फोन. घरी फ्रिजवर तक्ता आहे, त्यात शाळेतून फोन करायची तीन कारणं मी स्वच्छ अक्षरात लिहून ठेवली आहेत: पडणं, ताप, शाळा लवकर सुटणं. ती म्हणाली, आई, तू बिझी आहेस का? मी विचारलं, तीनपैकी काय? ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली, तीनपैकी नाही. म्हटलं, मग संध्याकाळी सांग, आणि ठेवला. समोर हळदीच्या कंटेनरचे कागद होते, वजनात फरक होता, तो मीच पकडला. उगाच फोन. खाली रेघ मारून ठेवते. तक्त्याची सवय लागायला वेळ लागणारच.

सात वीसला घरी आले तर तिचा पांढरा स्कर्ट खाली सगुणाबाईंच्या दोरीवर. बुधवारी पीटी असते, त्या दिवशी पांढरा युनिफॉर्म. सगुणाबाई तळमजल्यावर राहतात. सानपाड्यातली ही बिल्डिंग त्यांच्या शेतीच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर त्यांच्या मुलाने, दिपेशने, बांधली. आम्ही त्याच्याकडूनच फ्लॅट घेतला. ईश्वरी दीडला शाळेतून येते आणि मी येईपर्यंत त्यांच्याकडे असते. पैसे द्यायला गेलं तर घेत नाहीत. त्यामुळे धड बोलता येत नाही आणि गप्पही बसवत नाही.

म्हणाल्या, आमटी सांडली, म्हणून धुतला. चांगला निळीत बुडवून काढला होता. मी विचारलं, तुम्हाला कोणी सांगितलं? त्यांनी स्कर्ट दोरीवरून काढून माझ्या हातात दिला. ईश्वरीला स्कर्टवरून बोलले. आमटी तिच्या ताटात, तर स्कर्टच्या मागे कशी सांडते? ती मान खाली घालून उभी. सकाळी काय सांगायचं होतं विचारलं, तर म्हणे विसरले. तक्त्यात मात्र सगळ्या कामांपुढे तिच्या सह्या होत्या. मी तपासून माझ्या केल्या.

शुक्रवार, १० जानेवारी

सगुणाबाईंनी वाटीभर शिरा दिला वर पाठवून. आज ना चतुर्थी, ना कोणाचा वाढदिवस. विचारलं तर म्हणाल्या, “काय हाय म्हनून नाय, पोरीला केला.” ईश्वरीने खाली ताटभर खाल्लाच होता, जेवणाला हातही लावला नाही. पोरीला गोडाची चटक लावून आपलीशी करायची, दुसरं काय. वाटी घासून, रिकामीच परत दिली. आपल्याकडे रिकामी वाटी देत नाहीत, हे मला माहीत आहे. म्हणूनच दिली.

रविवार, १२ जानेवारी

कपाटातल्या माझ्या सॅनिटरी पॅडच्या पाकिटात सहा होते. दोन आहेत.

मी मोजण्यात चुकत नाही. आशुतोषला विचारलं, कपाट कोणी आवरलं का. तो क्रिकेट बघत होता. म्हणाला, मी तर नाही खाल्ले. या माणसाचा सगळ्यावर हाच इलाज, एक विनोद टाकायचा आणि पाय ताणायचे. ईश्वरी टेबलावर अभ्यास करत होती, तिने वहीतून मान वर केली नाही. सहा की पाच, आता माझं मलाच कळेना. घरातलं पाकीट चुकत असेल तर ऑफिसात काय चुकत असेल? गॅस तीनदा बघून आले.

सोमवार, १३ जानेवारी

प्रश्नांच्या कागदाचा निकाल. वैजयंतीबाईंनी प्रत्येकीला वेगळं बोलावलं. माझा स्वभाव त्यांनी पाच खणांत मांडून ठेवला होता. जबाबदारीची जाणीव: फार जास्त. काळजी: फार जास्त. जुळवून घेणं: कमी. म्हणाल्या, ओझं सगळ्यांना सारखंच असतं असं समजा, पण ते कोणाच्या खांद्यावर बसतं आणि कोणाच्या छातीवर, ते स्वभावावर असतं. म्हटलं, म्हणजे नवरा आठ वाजता घरी येतो, साहेब सहा वाजता फाइल देतो, आणि दोष माझ्या स्वभावाचा? त्या म्हणाल्या, दोष म्हटलंच नाही मी. मग मला म्हणे, गीतांजली, तुम्ही सगळ्यांचं तपासता, तुमचं कोण तपासतं?

कोणी नाही, आणि गरजही पडलेली नाही. बाहेर नमिता चहा पीत होती. तिच्या निकालात जुळवून घेणं जास्त निघालं. मुलाने परीक्षेला पट्टी नेली नाही तर ती म्हणते, कोणाची तरी घेईल. असं असेल तर मीही झोपेन नऊ वाजता.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. घरी आले तर ईश्वरी काळा, गुडघ्याखाली येणारा नवा ड्रेस घालून आरशासमोर. सगुणाबाईंनी घेतला. संक्रांतीला काळं घालतात म्हणून कोणी काही म्हणणार नाही, असा हिशेब. मी तिला तो काढायला लावला आणि स्वतः घेऊन खाली जायला सांगितलं. ती म्हणाली, आई, मला हाच हवा आहे, काळा आहे ना, डाग दिसत नाही. मी म्हटलं, डाग पाडायचेच कशाला?

ती गेली. परत आल्यावर तिळगूळ घेतला नाही. एका ड्रेससाठी पोर आईशी अबोला धरते, इतकी मुळं खाली गेली आहेत. आशुतोष म्हणाला, राहू द्यायचा होतास. त्याचं सगळंच राहू द्यायचं असतं.

गुरुवार, २३ जानेवारी

जबडा दुखतो. झोपेत दात आवळते म्हणे, आशुतोषने सांगितलं. ऑफिसात एका कंटेनरचं एकच बिल तीनदा तपासलं, तिसऱ्या वेळी पहिल्या दोन सह्यांवर विश्वास बसेना. दोन्ही माझ्याच. नमिता म्हणाली, दे इकडे, मी बघते. मी दिलं नाही. साहेबांना कळलं तर पहिल्यांदा मलाच बाजूला करतील, आणि ती जागा कोण घेईल ते दिसतंच आहे.

ईश्वरी हल्ली बाथरूमला कडी लावून फार वेळ बसते. तक्त्यात आंघोळीला दहा मिनिटं लिहिली आहेत.

मंगळवार, २८ जानेवारी

आशुतोषशी भांडण झालं. तक्त्यावरून. तो म्हणाला, तिच्या सगळ्या सह्या एकाच पेनाच्या, एकाच झटक्यातल्या आहेत, तुला दिसत नाही का? ती संध्याकाळी सातला तक्ता खाली नेऊन सगळ्या एकदम करते. तू तपासणारी ना? मी म्हटलं, तू सहा वाजता घरी येऊन दाखव, मग बोल. तो म्हणाला, “ती तुला घाबरते, गीतू.” मी म्हटलं, मी माझ्या आईला घाबरत होते, म्हणून आज या जागेवर आहे. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मला त्या बघण्याचा राग आला. अजून आहे.

बुधवार, ५ फेब्रुवारी

सकाळी ईश्वरी पांढरा युनिफॉर्म घालायला तयार नाही. आज निळा घालू दे. का? पांढरा आवडत नाही. आवडीनिवडीवर शाळा चालत नाही, मी स्वतः तिला पांढरा चढवला, बटणं लावली, ती हात बाजूला सोडून उभी राहिली. ती जिना उतरून गेल्यावर मी निघाले.

पावणेअकराला वर्गशिक्षिकेचा फोन. ईश्वरी निळ्या युनिफॉर्ममध्ये आली आहे, सोबत चिठ्ठी आहे, तेवढी खात्री करून घ्यायची होती. चिठ्ठी वाचून दाखवली. ‘मुलीला बरं नाही, आज पांढरा युनिफॉर्म घालणार नाही.’ अक्षर ईश्वरीचं. खाली पालकांच्या जागी मोठ्या मोठ्या अक्षरात सही, सगुणा. म्हणजे माझ्या मुलीने कागद तयार केला आणि त्या बाईने तपासला. माझ्या जागेवर.

अकरा वर्षांत पहिल्यांदा अर्धा दिवस टाकला. रिक्षात सगळी वाक्यं जुळवून ठेवली. सगुणाबाई दारात बसून सुपात सुकट निवडत होत्या. मी उभ्यानेच सुरू केलं. स्कर्ट कोणाला विचारून धुतला, शिरा कशाचा, ड्रेस कशाचा, निळा युनिफॉर्म तुमच्या घरात आला कसा. पालक म्हणून सही करायचा अधिकार कोणी दिला. शेवटी तेही म्हणाले, जे रिक्षात जुळवलं नव्हतं: दिपेश तुमच्या नातवंडांना घेऊन खांदेश्वरला गेला, म्हणून आता माझी मुलगी हवी आहे का तुम्हाला?

त्यांचे हात थांबले. म्हणाल्या, “बस आधी.”

मला बसायचं नाही, मी म्हटलं.

“पोर मोठी झाली, गीतांजली. गेले म्हैन्यान, शालेन. पांढरे कपड्यान. आज दुसरे खेपंचा हाय.”

मी बसले. सुपापाशीच, खाली.

मला का नाही सांगितलं, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, “तिनं तुला फोन केलेला. तू बोललीस, संध्याकाली सांग. संध्याकाली तू स्कर्टावरशी कावलीस. मी रोज बोलतंय तिला, आईला सांग, आईला सांग. ती बोलली, आईला सांगितला तं आई तपासंल.”

मग त्या उठून आत गेल्या आणि पाणी आणलं. मी ते घेतलं नाही. त्यांनी खोटं सांगितलं होतं, आमटी म्हणून. महिनाभर एक मुलगी आणि एक म्हातारी मिळून मला फसवत होत्या, आणि मला रागवायचं होतं. अजून रागवायचं आहे. राग होता तिथेच होता, फक्त कोणावर काढायचा ते सुचेना.

दीडला ईश्वरी आली. मला बघून दारातच थांबली. आधी माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे बघून म्हणाली, आजी, सांगितलंस?

वर आल्यावर मी तिला विचारलं, त्या दिवशी फोनवरच का नाही बोललीस. ती दप्तराचा पट्टा सोडवत होती. म्हणाली, “तू विचारलंस, तीनपैकी काय. तीनपैकी नव्हतं.”

मी म्हटलं, चौथं लिहायला हवं होतं. तिने मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

पाकिटात सहाच होते. चार तिने घेतले. हे कळल्यावर मला सगळ्यात आधी बरं वाटलं, की माझी मोजणी बरोबर होती. मग स्वतःची शिसारी आली, आणि ती गेलेली नाही.

ही वही मागे उलटून आठ तारीख काढली. सगळं माझ्याच अक्षरात आहे. अकरा दहा, वेळ सुद्धा. तू बिझी आहेस का. जरा वेळ गप्प. स्कर्टच्या मागे. काळा, डाग दिसत नाही. कोणी परके कागद माझ्यासमोर ठेवले असते तर पहिल्या वाचनात पकडलं असतं. ‘उगाच फोन’ याच्याखाली मी रेघ मारली होती, शाबासकी दिल्यासारखी. आता त्यावरून एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. वर ‘मला फोन’ एवढंच लिहिलं. बाजूला सही केली. दुसरी सही करायला कोणी नाही, ती जागा तशीच आहे.

सोमवार, १७ फेब्रुवारी

तक्ता नवा केला. फोनची तीन कारणं काढून टाकली. कधीही, कशासाठीही, असं लाल पेनने लिहिलं. खाली एक ओळ वाढवली: ‘रोज एक गोष्ट आईला सांगणे’. पुढे तिची सही, मग माझी. आठ दिवस झाले. आठही दिवस तिने प्रामाणिकपणे ओळ भरली आहे. ‘काही विशेष नाही.’ खाली सही.

वैजयंतीबाईंना दाखवला, मला वाटलं खूश होतील. त्या म्हणाल्या, तक्ता काढून बघा ना. म्हटलं, मग मला कळणार कसं? त्यांनी तक्ता माझ्याकडे परत सरकवला. या बाईंना पगार कशाचा मिळतो?

संध्याकाळी सगुणाबाईंकडे गेले. माफी मागायला नाही, काळा ड्रेस मागायला. म्हटलं, ईश्वरीला हवा होता, मीच नको म्हटलं होतं. त्या म्हणाल्या, दिपेशच्या पोरीला दिला, तिला बसला. चिडून नाही, सरळ सांगितलं. मला त्या चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दुकानात जाऊन तसाच आणला. ईश्वरीने घडी न मोडता कपाटात ठेवला, थँक्यू म्हणाली.

सोमवार, ३ मार्च

आज वहीचा शेवटचा दिवस. जेवायच्या सुट्टीत लिहीत आहे. चार वाजता पुन्हा तोच साठ प्रश्नांचा कागद भरायचा आहे, काय बदललं ते बघायला. माझी उत्तरं मी कालच ठरवून ठेवली होती.

अकराला साहेबांबरोबर मीटिंग होती. एक कंटेनर बंदरात अडकलाय. सही माझी आहे. वजनाचा आकडा चुकला, जानेवारीत जे बिल मी तीनदा तपासलं म्हणून लिहिलं होतं तेच. साहेब बोलत होते, नमिता टेबलाकडे बघत होती, तेवढ्यात माझा फोन वाजला. शाळेचा नंबर. साहेब म्हणाले, नंतर घ्या. मी उठले आणि बाहेर आले. अकरा वर्षांत असं कधी केलं नव्हतं. मला आतून इतकं बरं वाटत होतं की लाज वाटावी. पाळी दोन दिवस आधीच आली असणार, हे मला बोलायच्या आधी कळलं होतं, आणि तिने मलाच फोन केला होता.

म्हटलं, बोल बाळा, मी रिकामी आहे. येऊ का? आत्ता निघते.

“नको गं, तू मीटिंगमध्ये असशील,” ती म्हणाली. “मला फक्त सगुणाआजीचा नंबर सांग ना. पाठ नाहीये.”

जिन्यात उभं राहून मी मोबाइलमधून दहा आकडे वाचले, सावकाश, एकेक करून. तिने लिहून घेतले. म्हटलं, परत वाचून दाखव. तिने वाचले. बरोबर होते.